अख्खं काही ठेवायचं नसतं

आमच्या रावेतच्या सोसायटीत शेजारच्या सातपुत्यांनी कलिंगड आणून दिलं, तेव्हा प्रत्येक फोडीच्या सालीवर पेनानं आकडा टाकलेला होता. "काकू, पुन्हा जोडायचं झालं तर!" म्हणाले. कलिंगड. पुन्हा जोडायचं!

सातपुते चाकणच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितात. मशीनच्या चाचण्यांचे लांबलचक व्हिडिओ डेटाबेसमध्ये साठवायचे आणि मागेल त्याला काढून द्यायचे, हे त्यांचं काम. एवढी मोठी फाइल एका घासात गिळवत नाही म्हणे. म्हणून त्यांचा प्रोग्रॅम तिचे तुकडे करतो, तुकड्यांना नंबर देतो आणि काढताना ओळीनं जोडतो. "अख्खं काही ठेवायचं नसतं, काकू," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सोफासुद्धा त्यांनी असाच खोलून, नंबर घालून वर चढवला. जोडल्यावर एकही स्क्रू उरला नाही!

मला त्याचंच कौतुक. नवी नवरी असताना हुशारी दाखवायला मी सासूबाईंचा स्टोव्ह खोलून पुसला होता. जोडला, तर तीन भाग शिल्लक. ते पदराखाली लपवले आणि "स्टोव्हचं वयच झालंय," म्हणून जाहीर केलं. बावळट ती बावळट, वर तोरा केवढा!

परवा सातपुते दारात उभे, तोंड एवढंसं. "काकू, नंदाचा व्हिडिओ निघत नाहीये हो."

नंदा त्यांची बायको. गेल्या वर्षी गेली. तिचा तेवढा एकच व्हिडिओ. घरच्या कॉम्प्युटरवरच्या तशाच डेटाबेसमध्ये ठेवून यांनी मोबाइलमधला पुसून टाकलेला.

मी घरून चहा घेऊन गेले. "तुकडे आहेत ना सगळे? नंबर वाचा बघू मोठ्यानं."

"एक, दहा, अकरा, बारा..." सातपुते थबकले. कपाळावर हात मारला. "घरचंच काम म्हणून घाईत आकडे अक्षरांसारखे ठेवले मी! एकानं सुरू होणारे सगळे आधी लागले. दोन पार मागं!"

"भाग उरले तर नाहीत ना? मग माझ्यापेक्षा बरे आहात."

त्यांनी दुरुस्ती केली. पडद्यावर नंदा आली, हातात पुरणाची पळी. "अहो, शूटिंग कसलं करताय? आधी गॅस बारीक करा, दूध उतू जाईल!"

"हो हो," म्हणत सातपुते उठले, ओट्याशी गेले आणि शेगडीचं बटण चाचपलं. शेगडी बंदच होती.

परत येऊन बसले. म्हणाले, "काकू, पुन्हा लावू? अख्खा."