वळण अकरा

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी भाड्याची जीप पाण्याच्या काठाशी थांबली. डांबरी रस्ता पुढे तसाच उताराला लागून धरणाच्या पाण्यात शिरत होता. तारीख, एप्रिल १९९९ मधला शेवटचा रविवार. नाशिकला साखरपुड्याचा मुहूर्त अकरा चाळीसचा.

सदाशिव तिरोडकर सिल्वासाच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी मांडीवरच्या वहीत वेळ लिहिली आणि कागद पुन्हा वाचला. दोन्ही कडांना भोकं असलेले प्रिंटरचे अकरा कागद होते. ते होणाऱ्या जावयाने, अभिजीतने, इंटरनेटवरच्या नकाशातून काढून कुरियरने पाठवले होते. सिल्वासातल्या टोकरखाड्यापासून नाशिकपर्यंत एकोणीस वळणं, दोन तास सात मिनिटं. या हिशेबात चहा नव्हता, घाट नव्हता आणि बैलगाड्याही नव्हत्या. प्रत्येक वळणाची वेळ टिपून आणा, अशी विनंती अभिजीतने फोनवर केली होती. नकाशा किती बरोबर आहे ते त्याला तपासायचं होतं.

वळण अकरापाशी कागद म्हणत होता, सरळ जा, तीन पूर्णांक दोन दशांश किलोमीटर.

नथू ड्रायव्हरने हे सकाळी सहालाच सांगितलं होतं. खानवेलच्या पुढे ही वाट धरली तर पाणी लागेल, म्हणाला. तेव्हा सदाशिव फक्त एवढंच बोलले होते, "कागद जावयांनी पाठवलाय."

"जावई पोहतात काय, साहेब?"

यावर जीपमध्ये कोणी हसलं नव्हतं. मुलीचं, धनश्रीचं, मागचं स्थळ मोडलं, ते सदाशिवनी मुलाच्या वडिलांना पत्रिकेतली चूक दाखवली म्हणून. चूक खरी होती. तेव्हापासून बायकोने, उषाताईंनी, घरात नियमच केला होता, की लग्न लागेपर्यंत ह्यांनी कोणाचं काही दुरुस्त करायचं नाही. त्यामुळे चूक दिसत असतानाही सदाशिव दहा वळणं गप्प बसून आले होते. आता ते थकले होते.

"आता मागे फिरायचं?" उषाताईंनी विचारलं.

"फिरलो तर दीड वाजतो."

"आणि उशीर का झाला विचारलं तर?"

सदाशिव पुन्हा कागद चाळू लागले. नथू काठावर उकिडवा बसून पाण्याकडे बघत होता. "नकाशा तसा चुकीचा नाय, साहेब," तो म्हणाला. "जुना हाय. आमचं घर पण हाय त्यात, खाली."

दहा पन्नासला पलीकडच्या काठावर एक पांढरी गाडी येऊन थांबली. मुलीकडच्यांना अर्ध्या वाटेपर्यंत सामोरं जायची अभिजीतच्या घरची रीत होती, आणि ते सामोरे आले होते त्याच कागदावरून, उलट्या बाजूने. जरीची टोपी घातलेले वडील उतरले, मागून भटजी, मग अभिजीत. त्याच्या हातातही कागद होते. दोन्ही काठांवरून नमस्कार झाले. मधे पाणी होतं. कागद चुकलाय असं कोणत्याच काठावरून कोणी म्हणेना.

अकरा वाजता धनश्री जीपमधून उतरली. मासे धरणारा बारकू नथूच्या ओळखीचा निघाला. त्याच्या होडीत दोनच माणसं मावत होती.

"पप्पा, ते कागद द्या इकडे."

"कशाला?"

"चुकलेत म्हणून सांगते त्यांना."

"धने," उषाताई हळूच म्हणाल्या, "तू नको सांगूस गं. निदान आज नको."

"मग कधी सांगू, आई? जन्मभर असंच पाण्यात जायचं का?"

तिने कागद घेतले, शालू गुडघ्यापर्यंत उचलला आणि ती होडीत बसली. अंगठ्यांची डबी अलीकडेच राहिली.

सदाशिवनी वहीत लिहिलं: वळण अकरा, निघाली ११.२२. पुढची रेघ कोरी ठेवली.

अकरा एकतीसला होडी मध्यावर पोहोचली होती. पलीकडे अभिजीत घोट्याएवढ्या पाण्यात उतरला होता. एका हातातल्या कागदावरचं पुढचं वळण वाचत दुसऱ्या हाताने तो उजवीकडे वळा, उजवीकडे वळा, असं दाखवत होता. बारकू होडी सरळच वल्हवत होता.