रोवळीचं नाव कुणी ठेवलं

माझ्या पुतण्याच्या मुलीच्या बारशाला शेजारचे विलासराव राऊत वही घेऊन आले होते. माझी पुतणी, म्हणजे बाळाची आत्या, कानात नाव सांगून सरळ होते न होते तोच त्यांनी विचारलं, "ईरा हे नाव पहिल्यांदा कुणी सुचवलं? आणि त्या वेळी खोलीत कोण कोण होतं?"

"काका, मोबाइलवर सापडलं," पुतण्या म्हणाला.

"नाकारलेली नावं किती?"

"घुगऱ्या घ्या काका, गार होतायत."

त्यांनी घुगऱ्या घेतल्या आणि वहीत लिहिलं : 'ईरा. उगम मोबाइल. साक्षीदार नाही.'

विलासराव नागावात आमच्या कुंपणापलीकडच्या वाडीत राहतात. वय एकसष्ट, नारळ चौऱ्याऐंशी, माणूस एक. बेलापूरच्या एका कंपनीत पंचवीस वर्षं प्रोग्रॅम लिहून ते गावी परतले. नावं कुठून आली हे शोधणं हा त्यांचा उद्योग. आमच्या आळीतल्या म्हात्रेच्या होमस्टेचं नाव 'सी व्ह्यू' आहे. विलासरावांनी गच्चीवर चढून खात्री केली.

"समुद्र दिसत नाही," ते म्हणाले.

"दिसत न्हाय, पन हाय ना," म्हात्रे म्हणाला.

हेही वहीत आहे.

पण त्यांचा खरा जीव ओपन सोर्सच्या टूल्समध्ये, म्हणजे छोट्या छोट्या प्रोग्रॅम्समध्ये. ओपन सोर्स म्हणजे काय, ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं : वाटेवरची विहीर, पाणी कुणीही न्यावं, गाळ कुणीही काढावा. अशा विहिरी जगात हजारो, आणि त्यांना विचित्र नावं. एकदा कुंपणावरून त्यांनी विचारलं, "कॉपी करायच्या आज्ञेला नुसतं 'सीपी' का?"

"आळस," मी म्हटलं.

"बोटं, पाटील, बोटं. तेव्हाची यंत्रं टाइपरायटरसारखी. कळा जड, छपाई हळू. जितकी अक्षरं कमी तितकं बरं. यंत्रं गेली, सवय राहिली."

एका टूलचं नाव उच्चारायला हिमालयातल्या याक बैलासारखं होतं, म्हणून तेच काम करणाऱ्या नंतरच्या टूलला बायसन, म्हणजे गवा, म्हणाले, हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे यात शास्त्र काहीच नाही.

"शास्त्र नाही. माणसं आहेत."

त्या माणसांना ते ईमेल लिहितात. आजवर दोनशे बारा जणांना लिहिलं, उत्तरं आली एकशे एकोणचाळीस. ती छापून फायलीत लावलेली असतात, म्हणून मला मोजता आली. चौऱ्याण्णव जणांनी 'आठवत नाही' असं कळवलं आहे. विलासराव त्यांना पुन्हा लिहितात.

त्यांचंही एक टूल आहे. त्याचं नाव रोवळी. लांबलचक याद्यांमधला कचरा ते धुऊन काढतं, बांबूच्या रोवळीत तांदूळ धुतात तसं. बाहेरदेशीची माणसंही ते वापरतात. गेल्या महिन्यात, अशी टूल्स जिथे ठेवलेली असतात त्या ठिकाणच्या मंडळींचं त्यांना पत्र आलं. नवीन नियमाप्रमाणे नाव सगळ्यांना कळणारं हवं. जुनं ठेवायचं असेल तर ते कुणी आणि का ठेवलं, हे फॉर्मवर लिहून सोमवारपर्यंत पाठवा. नाहीतर रोवळीचं नाव होणार 'टेक्स्ट क्लीनर टू'.

मुदतीच्या आधीच्या शनिवारी मी गेलो तेव्हा फॉर्म कोरा होता.

"शिरीष बापटने ठेवलं," ते म्हणाले. "कंपनीत आम्ही दोघांनी मिळून ते टूल लिहिलं. त्याला आणखी तपासायचं होतं. मी त्याला न विचारता नेटवर टाकलं. तेव्हापासून तो बोलत नाही. दिवेआगरला सुपारीची वाडी बघतो."

"मग त्यांना विचारा, का ठेवलं."

"बावीस वर्षं झाली."

"दोनशे बारा परक्यांना विचारलंत की."

त्यांनी फॉर्मच्या कडा जुळवल्या. मग म्हणाले, "हे नाव गेलं, तर शिरीषचं माझ्याकडे काहीच राहत नाही हो."

रविवारी मी गाडी काढली. आगरदांड्याला ती बोटीत चढवली, दिघीला उतरलो. विलासराव वाटेत चार वाक्यं बोलले. त्यातली दोन 'परत फिरू या का' अशी होती.

बापट वाडीत होते. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी लावलेल्या नव्या झाडांना पाणी सोडत होते. आम्हाला पाहून त्यांनी पाणी बंद केलं नाही.

"आलास," ते म्हणाले.

विलासरावांनी तिथेच, ओल्या आळ्यात उभं राहून वही उघडली. "रोवळी हे नाव तू का ठेवलंस?"

"मी कुठे? तू ठेवलंस."

"तू ठेवलंस. तांदूळ धुताना म्हणालास."

"तांदूळ तू धुवायचास, विलास. मी तुझ्या खोलीवर नुसता जेवायला यायचो. मी सगळ्यांना सांगतो की, नाव विलासने ठेवलं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"इथं कोण विचारतंय? बायकोला. मुलाला. सुपारी उतरवायला येतो त्या गड्याला. त्याला तर पाठ झालंय." मग ते माझ्याकडे वळले. "हा अजून भात खाली लावतो का हो?"

"आठवड्यातून दोनदा," मी म्हटलं. वास कुंपणापर्यंत येतो.

पाणी आळं भरून विलासरावांच्या चपलांवर आलं तरी ते हलले नाहीत. वहीत काही लिहिलंही नाही. जेवणं झाली, चहा झाला. त्या दोघांचा वाद मिटला नाही, आणि मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं.

परतताना बोटीत मी आठवण केली, "उद्या सोमवार. फॉर्मवर काय लिहिणार?"

"बदलू देत त्यांना नाव," विलासराव म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुढचा रविवार मोकळा आहे का तुमचा? माहिती अपुरी आहे. पुन्हा जावं लागेल."

"किती वेळा?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "त्याला काही नीट आठवत नाही. सावकाशीने घ्यावं लागेल."