विनायकरावांच्या अंगणातलं पावसाचं मशीन

आमच्या शेजारच्या विनायकरावांच्या अंगणात चूळ भरायला बंदी होती. त्यांच्याच कशाला, आमच्याही अंगणात. मी सकाळी तोंड धुवायला बाहेर आलो की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "मास्तर, वारा इकडचा हाये. जरा मांगं सरका."

कारण होतं पावसाचं, म्हणजे पाऊस मोजायचं मशीन. कापसाची ती वाईट वर्षं. आमच्या दारव्ह्याच्या बाजारात माणसं भेटायची ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. तशात सरकारनं एका खासगी विमा कंपनीशी हातमिळवणी करून नवीच योजना आणली. हप्त्यात सरकारचा वाटा, मशीन कंपनीचं. ठरलेल्या मुदतीत मशीनमध्ये पाऊस नोंदला गेला नाही, की आसपासच्या सगळ्या गावांना भरपाई. पंचनामा नको, तलाठ्यामागे फिरणं नको. मशीनला मोकळी जागा हवी होती. कृषी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या विनायकरावांनी आपलं अंगण दिलं आणि स्वतःची झोप घालवून बसले.

"सरकार नवरदेव, कंपनी नवरी, अन् मांडव माह्या दारी," ते म्हणायचे. "काही वाकडं झालं तं शिव्या मांडववाल्याले."

मशीनवर कावळा बसू नये म्हणून ते भर उन्हात टाळ्या वाजवत उभे राहायचे. आमच्या हिच्या ओल्या साड्या त्यांनी रस्त्याच्या बाजूला हद्दपार केल्या. वर पालुपद ठरलेलं, "शंकेले जागा नको."

त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी फुलावर असताना पावसानं दडी मारली. जवळच्या बंजारा तांड्याचे फुलसिंग नायक रोज येऊन मशीनकडे बघून जायचे. पीक हातचं गेलंच होतं. भरपाई मिळाली तर तांडा पुढच्या पेरणीला उभा राहणार होता, नाही तर पोराबाळांसकट ऊसतोडीला जाणार होता. विनायकरावांचं जेवणावरून लक्ष उडालं. पाऊस यावा असं त्यांना म्हणवेना, येऊ नये असंही म्हणवेना.

मुदत संपायला एक दिवस उरला आणि भर दुपारी आमच्या गल्लीवर एकच काळा ढग आला. मी खिडकीतून पाहिलं, विनायकराव छत्री घेऊन मशीनपाशी उभे. सर आली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्यांनी छत्री मशीनवर धरली असती तर कुणाला कळलं नसतं, मीही कुणाला सांगितलं नसतं. खरं सांगतो, मी मनातून म्हणत होतो, उघडा हो, उघडा. त्यांनी उघडली नाही. सर थांबेपर्यंत मिटलेली छत्री छातीशी धरून भिजत राहिले.

तांड्यावर थेंबही पडला नव्हता. पण मशीनच्या लेखी सगळ्याच भागात पाऊस झाला होता. भरपाई गेली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या स्कूटरवर मागे बसून तांड्यावर आले. फुलसिंगांसमोर उभे राहून म्हणाले, "नायक, पाऊस माह्या आंगनात पडला. मले छत्री धरता आली असती. मी नाही धरली."

 फुलसिंग म्हणाले, "धराची होती, काकाजी." आणि थोड्या वेळानं त्यांनीच खाट टाकली, पाणी आणून दिलं.

पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून विनायकराव म्हणाले, "मशीन इथं पाहिजे. तुमच्या वावरात पडन तोच तुमचा पाऊस. सरकारलेही सांगतो, कंपनीलेही सांगतो. ऐकत नाही तोवर सांगतो."

आम्ही परत निघालो. बायको गेल्यापासून विनायकराव त्या घरात एकटे होते, मुलगा दूर. दारव्हा जवळ आलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "मास्तर, ते मशीन गेलं म्हंजे सकाळी उठू कायले मी?"

 त्यांच्या फाटकापाशी मी स्कूटर थांबवलीच नाही. सरळ आमच्या दारात नेली आणि हिला म्हटलं, ताट वाढ.