मुदतीचा चहा

तात्या पोंक्ष्यांच्या घरात ‘उद्या’ म्हणायला बंदी होती. मी एकदा बेसावधपणे बोलून गेलो, “येतो तात्या, बाकीचं उद्या बोलू.” त्यांनी मला दारातच अडवलं.

“कारण?”

“भूक लागलीय.”

“कारण सबळ नाही. पोहे आहेत. बस.”

मी बसलो. तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत ‘उद्या’ म्हणायला मुळात दुसरं कुणी नव्हतंच. शेजारी म्हणून मीच काय तो तावडीत सापडायचो.

तात्यांचं असं कोर्टाच्या तारखांनी झालं होतं. आंबिवलीच्या वडिलोपार्जित वाडीची वाटणी झाली, तेव्हा मधली विहीर कुणाची हे लिहायचं राहून गेलं. तात्यांनी धाकट्या भावावर, म्हणजे बापूंवर, कल्याणच्या कोर्टात दावा लावला. इंग्रज गेले, संस्थानं गेली, आणे जाऊन नवे पैसे आले, विहीर आपली जागच्या जागी. भावांचं बोलणं तेवढं बंद झालं. मी तात्यांच्या वकिलांकडे कारकून होतो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

“माणसं वाईट नाहीत रे वसंता, कामाची पद्धत वाईट,” हे तात्यांचं पालुपद. ती सुधारायला त्यांनी सरकारला अर्ज केले. बेलिफाला प्रतिवादी कधी घरी सापडत नाही, तेव्हा समन्स न्हाव्याच्या हाती द्यावं, कारण अर्धी दाढी झालेला माणूस पळून जात नाही. वकिलांच्या खुर्च्या काढून घ्याव्यात, उभा माणूस थोडक्यात बोलतो. आणि जो मुदत मागेल, त्याने विरुद्ध पक्षाला चहा पाजावा. सरकारने साधी पोचसुद्धा दिली नाही.

शेवटची सुधारणा मात्र एका माणसाने मानली. बापूंनी. त्यांच्या वकिलांनी मुदत घेतली, की कोर्टाबाहेरच्या हॉटेलातून तात्यांना चहा यायचा, आलं घातलेला, कमी साखरेचा. आमच्या वकिलांनी घेतली, की तात्या चरफडत बापूंना पाठवायचे, दुप्पट साखरेचा. एकमेकांची आवड दोघांनाही सांगावी लागत नसे. आवारात चिंचेखाली पाठीला पाठ लावलेले दोन बाक होते. त्यांवर बसून दोघे आपापला चहा प्यायचे. दुसऱ्याचा कप रिकामा झाल्याशिवाय कुणी उठत नसे, पण तोंडातून शब्द नाही.

“हा चहा पद्धतीचा आहे, सलोख्याचा नाही,” तात्या मला बजावायचे. तारखेला मात्र ठेवणीतला कोट घालून जायचे.

मग एका थंडीत बापू न्यूमोनियाने गेले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सगळं क्रियाकर्म तात्यांनीच केलं.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, “मयत प्रतिवादीचे वारस?”

आमचे वकील खाकरले. “एकच आहे, साहेब. वादी स्वतः.”

कोर्टात हशा पिकला. साहेबही हसले. “मग आता भांडण कुणाशी? दावा निकाली काढू या.” तात्यांनी जन्मभर मागितलेला झटपट निकाल तो हाच.

तात्या उभे राहिले. “साहेब, मुदत मिळावी.”

त्यांना स्वतः मुदत मागताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

“कारण?”

“प्रतिवादी आलेला नाही.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “कारण सबळ नाही, तात्यासाहेब,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी निकालावर सही केली. मला फार वाईट वाटलं.

बाहेर येऊन तात्यांनी एक चहा सांगितला, दुप्पट साखरेचा.

“कुणाला द्यायचा?” हॉटेलवाल्याने विचारलं.

“मुदत मी मागितली होती,” तात्या म्हणाले आणि त्यांनी बापूंच्या बाकाकडे बोट दाखवलं. तो बिचारा तिथे कप ठेवून गेला. तात्या आपल्या बाकावर जाऊन बसले, नेहमीसारखे पाठ करून.

बराच वेळ गेला. मी जवळ जाऊन म्हटलं, “तात्या, गाडीची वेळ झाली. चला.”

“थांब,” ते मागे न वळता म्हणाले. “त्याचा पिऊन होऊ दे.”