मागेल तेव्हा पाजा: एका पर्यवेक्षिकेचा खुलासा

मातेचं दूध हा बालकाचा हक्क असून तो कोणत्या वेळी बजावायचा हे ठरवण्याचा अधिकार बालकालाच आहे. हे वाक्य माझं आहे. मेहकर तालुक्यातल्या सव्वीस अंगणवाड्यांमध्ये मी गेली आठ वर्षं ते खुर्चीत बसून, समोर चहा ठेवून म्हणत आले आहे. कार्यालयीन नोंदीनुसार या काळात सहाशे बारा माता माझ्या हातून प्रशिक्षित झाल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी प्रशिक्षण चालू असतानाच बसल्या जागी पेंगत. अशांच्या नावापुढे मी 'उदासीन' असा शेरा मारत असे (लाल शाईत). मला तेव्हा मूल नव्हतं, त्यामुळे माझं ज्ञान अगदी शुद्ध होतं.

यंदा मला मुलगी झाली आणि त्या शुद्धतेला पहिला धक्का बसला. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे मी आईकडे आले. माहेर माझ्याच बीटमध्ये, म्हणजे त्या सव्वीस अंगणवाड्यांच्या हद्दीत, येतं. म्हणजे एकाच वेळी मी पर्यवेक्षिकाही आहे आणि लाभार्थीही. माझ्या हलगर्जीपणाची तक्रार आता माझ्याकडेच येऊ शकते.

'दर दोन तासांनी पाजावं' हे मी इतक्यांदा सांगितलं आहे, की त्याचा अर्थ मला कळत असणार असं मी धरून चालले होते. मला वाटायचं, बाळ पिऊन झोपलं की तिथून दोन तास मोजायचे. प्रत्यक्षात ते पिणं सुरू झाल्यापासून मोजतात. चाळीस मिनिटं पिणं, वीस मिनिटं खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, पंधरा मिनिटं दुपटं बदलणं, दहा मिनिटं उचकी. उरतात पस्तीस मिनिटं. तेवढ्यात मातेने सकस आहार घ्यावा, भरपूर पाणी प्यावं, पुरेशी झोप घ्यावी आणि प्रसन्न राहावं. प्रसन्न राहण्याविषयीची सूचना पोस्टरवर ठळक अक्षरात आहे. पोस्टरवरची माता इस्त्रीची साडी नेसून, गजरा माळून, भर दिवसा पाजते. रात्रीचं पोस्टर अजून छापून आलेलं नाही.

आमच्या धाकट्या लाभार्थीला, म्हणजे मुलीला, तर दोन तासांचा नियमही मान्य नाही. नवव्या रात्री ती अकरा वेळा उठली. (बाराव्या वेळी तांबडं फुटलं होतं; ती वेळ रात्रीत धरायची की दिवसात, यावर निर्णय प्रलंबित आहे.)

दिवसा बाळ बघायला बाया येतात. आजवर एकतीस आल्या. प्रत्येकीने बाळाकडे पाहून, माझ्याकडे न पाहता, एकच प्रश्न विचारला: "दूध पुरते का?" त्यावर माझी आई अंबूबाई माझ्या वतीने उत्तर देई, "पुरत नसंन बाई. घडी-घडी रडून राह्यली न." मग हलिवाची खीर, लसूण, डिंक, खोबरं यांवर चर्चा होई आणि सर्वांना चहा मिळे.

दर शनिवारी संध्याकाळी मलकापूरहून आमचे हे, म्हणजे जीवन, येतात. तिथे त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासुरवाडीत जावयाची झोपमोड होऊ नये, म्हणून आई त्यांचं अंथरूण पुढच्या खोलीत कूलरसमोर घालते. कूलरचा आवाज असा, की पलीकडे बँड वाजला तरी कळू नये. एका रविवारी सकाळी पोहे खाताना त्यांनी विचारलं, "रात्री एकदा रडली वाटतं?" ती नऊ वेळा रडली होती. मी 'हो' म्हटलं, कारण नऊमध्ये एक येतोच.

याच जीवनने, माझ्या आईने फोन करून सांगितल्यावरून, दुधाच्या पावडरीचा डबा आणून फळीवर ठेवला होता. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डबा नाही, हे माझं सर्वांत गाजलेलं व्याख्यान. दोन वर्षांपूर्वी याच गावातल्या वंदनाच्या घरी डबा सापडला, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर अर्धा तास समजावलं होतं. ती मान खाली घालून "हाव मॅडम, हाव मॅडम" म्हणत राहिली. ती बहुधा झोपली होती. मला त्याची लाज वाटते, आणि हे वाक्य विनोदासाठी नाही.

कारण एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी स्वतः गॅसवर पाणी उकळायला ठेवलं. माझं दूध पुरत नाही, हे एकतीस जणींचं मत मला पटलं होतं. मी आई म्हणून कमी पडले, हेही.

पाण्याला आधण येण्याआधी गावातली अंगणवाडी सेविका जनकाबाई काटा घेऊन गृहभेटीला आली. (रविवारी गृहभेटीची तरतूद नाही.) तिने बाळाला झोळीत घालून वजन केलं, रजिस्टरमध्ये लिहिलं आणि माझ्या आईला विचारलं, "दिवसाले दुपटे किती भिजतेत?"

"आठ-नऊ होतेत."

"मंग पोरीले दूध पुरते, आजी. मॅडमले माणसं पुरून नाही राह्यले." ती तशीच पुढच्या खोलीच्या दारात गेली. "जीवनभाऊ, पाजणं तुमच्याच्यानं होत नाही, कबूल. ढेकर काढाले काय लागते? खांदा तं हाये तुमाले."

"अवं, जावई हायेत ते!" आई घाबरून म्हणाली.

"असतीन. पोरीचे बाप बी हायेत न."

मग ती माझ्याजवळ येऊन बसली. "तुमी कवा झोपल्या मॅडम?"

मी उत्तर कोणत्या रकान्यात जाईल ते पाहायला तिच्या रजिस्टरकडे पाहिलं. असा रकाना नव्हता. ते रजिस्टर भरायला मीच सगळ्यांना शिकवलं होतं. मग मला रडू आलं आणि ते बराच वेळ थांबेना. जनकाबाईने गॅस बंद केला. मला कुशीवर झोपून पाजायला शिकवलं, आणि पोट भरल्यावर पोरगी जीवनच्या खांद्यावर दिली. जीवन कूलर बंद करून अंगणात येरझारा घालू लागले. मी दोन तास दहा मिनिटं झोपले. डबा अजून बंद आहे.

बाळाचं वजन मी मुद्दाम सांगितलं नव्हतं: तीन किलो दोनशे. जन्मापेक्षा चारशे ग्रॅमने जास्त. आता तुमचा जीव भांड्यात पडला असेल. बाळ बघायला जरूर या. झबलं आणू नका, तेवीस झालीत. ती किती वेळा पिते, दुपटी किती भिजतात, दूध पुरतं की नाही, हे सगळं तुम्ही आस्थेने इथवर वाचलंत. माझं नाव मात्र तुम्हीही विचारलं नाही.