पहिली दीडशे पानं

थोर पुस्तक पहिल्या पानावर कळत नाही. कळलं तर ते थोर कसलं? हे ज्ञान मला (शिक्षण चौथी, त्यातही सुट्ट्या धरून) नातीला लग्नाचं विचारून गेलेल्या मुलाने दिलं. मुलगा इंजिनिअर, नाकीडोळी बरा. जाताना टेबलावर विटेएवढी जुनी विज्ञान कादंबरी ठेवून म्हणाला, "आजी, हिला सांगा, पहिली दीडशे पानं नेटाने काढ. पुढे सोडवणार नाही."

रविवारी तो उत्तर न्यायला येणार होता. नातीला मुलगा आवडला होता, पण पुस्तक उघडलं की तिची मान पडायची. ज्याचं आवडतं पुस्तक सोसवत नाही, तो माणूस जन्मभर कसा सोसायचा, म्हणून ती रडकुंडीला आली.

तेव्हा मी वाचन समिती नेमली. (अध्यक्ष मी. निवडणूक घेतली नाही, कुणी मागितलीही नाही.) जेवणं झाली की सुनेने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी जागं राहायचं.

कादंबरी उत्तमच आहे. पहिल्याच पानावर सतरा माणसं येतात आणि कोण कुणाचा काका ते एकही सांगत नाही. सम्राटाची आत्या अर्धं पान परग्रहाच्या भाषेत बोलते. मग यानाचं झाकण उघडतं, त्याला नऊ पानं लागतात. (आमच्या जावयाने नळ बसवला, त्यालाही एवढा वेळ लागला नव्हता.) समितीच्या पाहणीनुसार झाकण उघडेपर्यंत घरातले शेकडा शंभर पुरुष झोपी गेले. घरात पुरुष एकच आहे, माझा मुलगा.

मी मात्र ढिम्म हलले नाही. नातीला म्हटलं, अगं, चिकाटी लागते. सून नव्या घरात येते तेव्हा वेगळं काय असतं? सतरा माणसं, कोण कुणाचं कळत नाही, बोलतात ते समजत नाही, डब्यांची झाकणं उघडत नाहीत. तुझ्या आईला मी आल्या दिवशीच सांगितलं होतं, पहिली काही वर्षं नेटाने काढ, पुढे गोडी लागते.

नातीने आईकडे पाहिलं. "मग, लागली?"

सुनेने पानात बोट घालून पुस्तक मिटलं. "वाचतेय अजून," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, पुढे छान आहे."

समितीचं कामकाज त्या दिवसापुरतं तहकूब झालं.

रविवारी मुलगा आला. नातीने पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि सरळ विचारलं, "तुम्ही स्वतः कुठवर पोचलात?"

त्याने बराच वेळ चहा ढवळला. साखर आम्ही घातलीच नव्हती.

"झाकणापर्यंत," तो म्हणाला. "पुढे छान आहे असं आमचे सर म्हणायचे."

"मग जमेल," नात म्हणाली. "दोघं मिळून नाही वाचणार."

लग्न ठरलं. सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याअर्थी ती हसत होती. मी तिला हसू दिलं. पुढे छान आहे हे मलाही माझ्या सासूबाईंनीच सांगितलं होतं, आणि मोठ्या माणसांना पान नंबर विचारायची आमच्यात पद्धत नाही.

तुम्हीही हसू नका. इथवर तुम्ही तरी कशाच्या जोरावर आलात? पुढे काहीतरी असेल म्हणूनच ना? काही नाही. उठा, दूध उतू चाललंय.