सोनटक्के काकांचं साडेआठचं रीडिंग

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोणी सहज म्हणालं, "काय उकडतंय हो आज!" की कोपऱ्यातून प्रश्न येतो, "किती?"

हे सोनटक्के काका. 'लई', 'जाम', 'भयंकर' असले शब्द त्यांना चालत नाहीत. "अंदाज नको, रीडिंग सांगा," हे त्यांचं पालुपद. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीला होते. केसाएवढा फरक दिसला की माल परत. रिटायर झाल्यावर परत पाठवायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी हवामान तपासायला घेतलं, असं माझं मत. काकू म्हणतात, "आधी माझ्या चपात्या तपासायचे. त्यापेक्षा आभाळ बरं."

चिखलीतल्या आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर काकांचं हवामान केंद्र आहे. जुन्या खिडकीच्या पट्ट्यांची पांढरी पेटी, आत थर्मामीटर, शेजारी पाऊस मोजायचं नरसाळ्याचं भांडं. रोज सकाळी साडेआठला काका इस्त्रीचा शर्ट घालून वर जातात, कारण "रीडिंग लुंगीत घ्यायचं नसतं." मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो: 'किमान एकवीस पूर्णांक चार. पाऊस शून्य. वारा पश्चिमेचा.' त्याखाली कोणी हात जोडले, तर काका विचारतात, "हात कशाला जोडताय? छत्री न्यायची नाही, एवढं समजलं ना?"

गेल्या एप्रिलमध्ये तर कहरच झाला. आभाळ लख्ख, आणि काकांचा मेसेज: 'पाऊस बारा मिलिमीटर.' गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या बायका धावत वर गेल्या.

"अहो काका, कुरडया तर खडखडीत आहेत!"

"कुरडयांना कॅलिब्रेशन नसतं," काका शांतपणे म्हणाले. "भांडं खोटं बोलत नाही."

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या परभणीकडच्या आजी पुढे झाल्या. "अरे बाबा, म्याच घातलं त्यात पाणी. पाखरं तहानंनं मरायलीत, अन् तू रिकामं भांडं मांडून ठिवलास!"

काका गोरेमोरे झाले. पण हिशेबाला चोख माणूस. पाच मिनिटांत ग्रुपवर दुरुस्ती आली: 'पाऊस शून्य. आजी बारा मिलिमीटर.' दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाखरांसाठी वेगळं मातीचं भांडं दिसलं. ते कोणी ठेवलं, हे काकांनी कधी कबूल केलं नाही.

यंदा गच्ची गळायला लागली. वॉटरप्रूफिंगसाठी केंद्र आठ दिवस हलवायची नोटीस निघाली, तीही माझ्या सहीने. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाण्यासाठी निवडून दिलेला माणूस. काका तरातरा माझ्या दारात.

"सेक्रेटरी, एक दिवसही खाडा पडता कामा नये."

"काका, आठ दिवसांत आभाळ कुठे पळून जात नाही हो."

"आभाळाचं नाही..." एवढं बोलून ते थांबले. "तुम्हाला नाही कळायचं."

म्हातारा हट्टाला पेटलाय, झालं, असं मला वाटलं. मीटिंगमध्ये काका एकटे पडले. त्यात सातव्या मजल्यावरचे कुलकर्णी ओरडले, "अहो, माझ्या बेडवर ठिबकतंय!" तर काका म्हणतात, "मिनिटाला थेंब किती?" जी दोन मतं त्यांच्या बाजूने होती, तीही गेली.

काम सुरू व्हायच्या सकाळी ती पांढरी पेटी मी स्वतःच उचलून त्यांच्या घरी नेली. कामगारांनी ती आपटली असती, तर काकांनी मला जन्मभर सोडलं नसतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले होते. मांडीवर मोबाइल. साडेआठ वाजले, पावणेनऊ झाले.

"काका, मोबाइलवर दिसतं की हवामान. तेच टाका ना राव."

"ते पुण्याचं असतं," काका म्हणाले. "माझ्या गच्चीचं नाही. खोटं रीडिंग मी त्याला पाठवणार नाही."

त्याला? मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मला चहाच्या निमित्ताने किचनमध्ये बोलावलं.

"आमचा प्रशांत बंगळुरूला असतो," त्या हळूच म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी न विचारता लग्न केलं. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. माझ्याशी बोलतो, ह्यांचं नाव निघालं की तो गप्प, त्याचं निघालं की हे. फक्त हे साडेआठला इथले आकडे पाठवतात आणि तो तिथले. एक दिवस चुकलेला नाही. बाकी अक्षर नाही हो."

त्या नोटिशीवरची माझी सही आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नऊला दहा मिनिटं असताना बाहेर फोन वाजला. स्क्रीनवरचं नाव बघून काका ताडकन उभेच राहिले. त्यांना ऐकू कमी येतं, फोन नेहमी स्पीकरवर असतो. त्यामुळे पलीकडचा आवाज आम्हाला किचनमध्येही स्वच्छ आला.

"बाबा, आज रीडिंग नाही आलं. तुम्ही बरे आहात ना?"

काकांनी कोपऱ्यातल्या पांढऱ्या पेटीकडे बघितलं. घसा खाकरला. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता.

"हो रे. बरा आहे," काका म्हणाले. "अंदाजे." मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही दोघं कसे आहात?"